'व्हर्टिगो'मधील रंगभूषा : दिसणारी आणि न दिसणारी

१

चित्रपटाच्या समीक्षेत रंगभूषेला स्वतंत्र स्थान क्वचितच मिळते. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, संगीत यांच्या चर्चेनंतर जागा उरलीच तर नटीच्या 'देखणेपणा'विषयी एखादे वाक्य येते आणि तो देखणेपणा जणू तिने जन्मतःच आणलेला असावा, अशा रीतीने ते वाक्य लिहिलेले असते. अभिनय ही नटीची कमाई, रूप ही निसर्गाची देणगी आणि रंगभूषा ही या दोहोंमधली किरकोळ डागडुजी, अशी एक वाटणी समीक्षकांनी न बोलता स्वीकारलेली दिसते. आल्फ्रेड हिचकॉकचा 'व्हर्टिगो' (१९५८) हा चित्रपट या वाटणीलाच अडचणीत आणतो. येथे रंगभूषा कथानकाला साहाय्य करत नाही. ती स्वतःच कथानक आहे. एका स्त्रीचा चेहरा दोनदा घडवला जातो आणि त्या घडवण्यातून एक खून, एक प्रेम आणि एक मृत्यू निष्पन्न होतो.

कथानकाची रूपरेषा थोडक्यात अशी. उंचीच्या भयगंडामुळे पोलिसातली नोकरी सोडावी लागलेल्या स्कॉटीवर (जेम्स स्टुअर्ट) गॅव्हिन एल्स्टर हा जुना परिचित एक कामगिरी सोपवतो. आपल्या पत्नीला, मॅडेलिनला, कार्लोटा वाल्देस या फार पूर्वी आत्महत्या केलेल्या स्त्रीने झपाटले आहे, तेव्हा तिच्यावर नजर ठेवावी. स्कॉटी सॅन फ्रान्सिस्कोभर तिचा पाठलाग करतो, तिच्या प्रेमात पडतो आणि एका मिशनच्या मनोऱ्यावरून ती कोसळते तेव्हा भयगंडामुळे तिला वाचवू शकत नाही. पुढे त्याला ज्युडी नावाची, दुकानात काम करणारी एक तरुणी भेटते. तिच्यात त्याला मॅडेलिनचे साम्य दिसते आणि तो तिला हट्टाने मॅडेलिनचे रूप घ्यायला लावतो. वस्तुस्थिती अशी की ज्युडी हीच त्याला भेटलेली 'मॅडेलिन' होती. एल्स्टरने खऱ्या पत्नीचा खून लपवण्यासाठी ज्युडीला तिच्या रूपात उभे केले होते. दोन्ही भूमिका किम नोव्हॅकने केल्या आहेत.

हे दुहेरी रूप नोव्हॅकने अभिनयाने कसे पेलले, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिच्या चेहऱ्यावरच्या रंगाने या दोन स्त्रियांमध्ये जे अंतर पाडले, त्या अंतराचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरित राहतो.

२

मॅडेलिन प्रथम दिसते ती एर्नीज या उपाहारगृहाच्या लाल भिंतींपुढे, आणि तीही पाठमोरी. मग ती उठते, स्कॉटीच्या जवळ येते, क्षणभर थबकते आणि तिचा चेहरा एका बाजूने पडद्यावर स्थिरावतो. फिकट सोनेरी केस मानेवर आवर्ताकार गाठीत बांधलेले, त्वचा एकसंध आणि शांत, ओठांचा रंग असूनही नसल्यासारखा. या चेहऱ्यावर रंग पुष्कळ आहे. परंतु तो रंग स्वतःला रंग म्हणून जाहीर करत नाही. प्रेक्षक त्याला कांती म्हणून स्वीकारतो.

ज्युडीचा चेहरा याच्या उलट आहे. केस तपकिरी, भुवया जाड आणि पेन्सिलीने ठळक ओढलेल्या, ओठ भडक. येथे प्रत्येक रेषा आपण काढलेली रेषा आहोत असे सांगते. हा चेहरा रंगवलेला आहे हे कळायला जाणकार असण्याची गरज नाही. तरीही चित्रपट पाहताना प्रेक्षकाची प्रतिक्रिया विलक्षण असते. उघडपणे रंगवलेली ज्युडी त्याला 'खरी', साधी, मातीतली वाटते आणि जिचा रंग डोळ्यांना कळत नाही ती मॅडेलिन अलौकिक, गूढ, जणू अस्पर्शित वाटते. म्हणजे ज्या चेहऱ्याचा कृत्रिमपणा उघड आहे तो स्वाभाविक ठरतो आणि ज्या चेहऱ्याने कृत्रिमपणा लपवला तो सौंदर्याचा आदर्श ठरतो.

या विपर्यासाचे मूळ सामाजिक आहे. न दिसणारी रंगभूषा ही फुरसतीची आणि पैशाची खूण आहे. ती करायला वेळ लागतो, हात लागतात आणि ती झाल्यावर त्या वेळेचा व हातांचा मागमूसही उरू नये अशी अपेक्षा असते. दिसणारी रंगभूषा ही सकाळी कामावर जाण्यापूर्वी आरशासमोर घाईने उरकलेली, स्वतःच्या हाताने केलेली असते. ज्युडी ही कॅन्ससमधल्या सलायना गावाहून शहरात आलेली, मॅग्निनच्या दुकानात काम करणारी, भाड्याच्या हॉटेलखोलीत राहणारी मुलगी आहे. तिचे ओठ आणि भुवया तिचा हा पत्ता सांगतात. मॅडेलिनचा चेहरा कोणताही पत्ता सांगत नाही, कारण वरच्या वर्गाच्या चेहऱ्याला स्वतःचा पत्ता सांगण्याची गरज नसते. स्कॉटी ज्युडीला बदलू पाहतो तेव्हा तो एका स्त्रीचे रूप दुसऱ्या स्त्रीला देत असतो, तसाच तो एका वर्गाच्या खुणा पुसून दुसऱ्या वर्गाच्या खुणा उमटवत असतो. ज्युडीच्या आयुष्यातील शोकांतिका प्रेमाची आहे हे खरे. परंतु ती या पुसण्याचीही आहे.

रोलां बार्थने गार्बोच्या चेहऱ्यावर लिहिलेल्या, 'मिथॉलॉजीज' (१९५७) या संग्रहातील निबंधात गार्बोच्या चेहऱ्याची कल्पना मुखवट्याशी जोडली आहे. तो चेहरा त्याला एक 'संकल्पना' वाटतो, तर ऑड्री हेपबर्नचा चेहरा 'घटना' वाटतो. हीच परिभाषा वापरायची तर मॅडेलिन ही संकल्पना आणि ज्युडी ही घटना, असे म्हणण्याचा मोह होईल. परंतु 'व्हर्टिगो' बार्थच्या पुढे एक पाऊल टाकतो. संकल्पना आणि घटना ही दोन स्त्रियांची नावे नसून एकाच स्त्रीच्या चेहऱ्यावर दोन वेळा चढवलेले दोन थर आहेत, हे तो दाखवतो. त्यांपैकी एका थराला आपण 'चेहरा' म्हणतो आणि दुसऱ्याला 'रंग', एवढाच काय तो फरक.

३

भारतीय नाट्यविचाराला हा प्रश्न अपरिचित नाही. भरताने अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले त्यांत आहार्याला आंगिक, वाचिक व सात्त्विक यांच्या बरोबरीचे स्थान आहे. म्हणजे वेश आणि रंग हे अभिनयाबाहेरचे साहित्य नसून अभिनयाचाच एक प्रकार आहेत. आहार्याचे पुन्हा पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार भाग पाडलेले आहेत. त्यांतील अंगरचना म्हणजे शरीर रंगवणे. कोणत्या प्रदेशाच्या आणि कोणत्या वर्णाच्या पात्राला कोणता रंग द्यावा याचे नियम नाट्यशास्त्रात तपशिलाने दिलेले आहेत. रंग हा सामाजिक स्थानाचा निदर्शक आहे, ही जाणीव तेथे उघडपणे मांडलेली आहे. हॉलिवूडने तीच जाणीव स्वाभाविकतेच्या आवरणाखाली राबवली.

याच संदर्भात भरताने एक दृष्टान्त दिला आहे. जीव ज्याप्रमाणे एका देहाचा स्वभाव टाकून दुसऱ्या देहाबरोबर दुसरा स्वभाव धारण करतो, त्याप्रमाणे रंग आणि वेश यांनी स्वतःला झाकलेला नट दुसऱ्याचा स्वभाव धारण करतो. रंगभूषा म्हणजे एक प्रकारचा परकायाप्रवेश. 'व्हर्टिगो'च्या संदर्भात या दृष्टान्ताला वेगळीच धार येते. एल्स्टरने स्कॉटीला सांगितलेली कथा ही शब्दशः परकायाप्रवेशाची आहे : मृत कार्लोटाचा जीव मॅडेलिनच्या देहात शिरला आहे. या कथेचा पुरावा म्हणून स्कॉटीला काय दिसते? चित्रसंग्रहालयात कार्लोटाच्या तसबिरीसमोर बसलेली मॅडेलिन, तसबिरीतल्यासारखीच तिच्या केसांची आवर्ताकार गाठ आणि हातातला तसाच पुष्पगुच्छ. म्हणजे पिशाचबाधेचा सगळा पुरावा आहार्याचा आहे. जीव कोठेही गेलेला नाही. केस तेवढे बांधले गेले आहेत. भरताने उपमान म्हणून जे वापरले ते एल्स्टरने वस्तुस्थिती म्हणून विकले, आणि स्कॉटीने ते विकत घेतले.

चित्रपटातील मिज हे पात्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ती स्कॉटीची जुनी मैत्रीण, व्यवसायाने चित्रकार, चष्मा लावणारी, व्यवहारी. ती कार्लोटाच्या तसबिरीची नक्कल रंगवते आणि तिच्यावर स्वतःचा चष्म्यासह चेहरा बसवते. स्कॉटीला ती थट्टा सोसवत नाही. तो निघून जातो. मिजने जे केले ते तत्त्वतः एल्स्टरने केले त्याहून वेगळे नाही. कार्लोटाच्या साच्यात एक दुसरी स्त्री बसवणे हेच दोघांनी केले. फरक इतकाच की मिजने सांधा दिसू दिला. सांधा दिसताच स्कॉटीच्या लेखी मोहिनी नाहीशी होते. त्याला रूप हवे आहे, परंतु रूप केलेले आहे हे ज्ञान नको आहे.

मराठी रसिकाला या ठिकाणी बालगंधर्वांची आठवण होणे स्वाभाविक आहे. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला शालू नेसून उभी असलेली नायिका ही नारायणराव राजहंस आहेत हे पूर्ण ठाऊक असे. ते ठाऊक असणे त्याच्या रसास्वादाच्या आड येत नसे. उलट दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणण्यातच त्या आस्वादाची गोडी होती. स्कॉटीला नेमकी हीच दुहेरी जाणीव अशक्य आहे. हिचकॉकने मात्र प्रेक्षकाला ती देऊ केली आहे. चित्रपट संपायला बराच अवकाश असताना ज्युडी एकटी असताना गतकाल पडद्यावर उलगडतो, मग ती एक पत्र लिहू लागते आणि प्रेक्षकाला सत्य कळते. ते पत्र ती फाडून टाकते. रहस्य शेवटपर्यंत राखण्याच्या सर्वमान्य पद्धतीविरुद्ध घेतलेला हा निर्णय आहे. त्याचे कारण पुढील दृश्यांत आहे : ज्युडीवर चढणारा रंग प्रेक्षकाने दोन्ही बाजूंनी पाहावा, स्कॉटीच्या बाजूने आणि रंगाच्या आतून.

४

पुढील भाग हा रंगभूषेचा जवळजवळ क्रमवार आलेख आहे. आधी कपडे : राखाडी सूट मॅडेलिनच्या सूटसारखाच हवा म्हणून स्कॉटी दुकानात एकामागून एक नमुने नाकारतो आणि ज्युडी अवघडून जाते. मग केस. मग सौंदर्यप्रसाधनगृह. तेथे ज्युडीचे ओठ, नखे, केस असे तुकडे समीपदृश्यांतून दिसतात. त्यांवर काम करणारे हात दिसतात. ती पूर्ण कोठेच दिसत नाही. स्कॉटी तेथील स्त्रीला केसांच्या रंगाविषयी पुन्हा पुन्हा बजावतो आणि ती त्याला, काळजी नको, काय हवे ते आम्हाला समजले आहे, अशा आशयाचे व्यावसायिक आश्वासन देते. ज्या रंगाने स्कॉटीचे आयुष्य ढवळून निघाले, तो त्या बाईच्या लेखी एक सोपा, नेहमीचा रंग आहे. अलौकिक सौंदर्याची किंमत आणि कृती या एका वाक्यात उघडी पडते.

यानंतर ज्युडी एम्पायर हॉटेलातील खोलीवर येते. केस सोनेरी झाले आहेत, सूट राखाडी आहे, परंतु केस मोकळे आहेत. स्कॉटी हिरमुसतो, केस मागे बांधायला हवेत. ती म्हणते की तसे करून पाहिले होते, ते शोभले नाही. तो विनवतो. ती न्हाणीघरात जाते, दार लागते. दार उघडते तेव्हा बाहेरच्या पाटीच्या हिरव्या धुकट उजेडातून मॅडेलिन चालत येते.

फ्रान्स्वा त्रुफोबरोबरच्या प्रदीर्घ मुलाखतीत हिचकॉकने या प्रसंगाची फोड विवस्त्रतेच्या परिभाषेत केली आहे. त्याच्या मते स्कॉटी ज्युडीला कपडे चढवत असतो तेव्हा वस्तुतः उतरवत असतो आणि मोकळे केस म्हणजे तिचा शेवटचा नकार. ही उपपत्ती इतकी चपखल आहे की पुढच्या बहुतेक समीक्षेने ती प्रमाण मानली. लॉरा मल्व्हीने १९७५ साली 'स्क्रीन'मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात पुरुषी दृष्टीच्या संदर्भात 'व्हर्टिगो'चे जे विवेचन केले, त्यातही सारा भर स्कॉटीच्या पाहण्यावर आहे. ज्युडीच्या बाजूने येणारे गतकालाचे दृश्य तेथे अपवाद म्हणून नोंदले जाते. मल्व्हीच्या विवेचनाचे महत्त्व वादातीत आहे. तरी दिग्दर्शकाचे स्पष्टीकरण आणि त्याची चिकित्सा करणारा सिद्धान्त या दोहोंतून एक गोष्ट निसटते. ती म्हणजे ते बंद दार.

आतापर्यंत ज्युडीला इतरांच्या हातांनी रंगवले. सूट दुकानाने दिला, केस प्रसाधनगृहाने रंगवले. शेवटची गाठ मात्र तिने स्वतःच्या हाताने बांधली, आणि तेव्हा तेथे ना स्कॉटी होता ना कॅमेरा. ती गाठ साधी नाही. तसबिरीशी जुळणारे ते नेमके आवर्त आहे. कोणताही नमुना समोर नसताना, काही क्षणांत, तिने ते हुबेहूब साधले. हे कौशल्य दुकानात काम करणाऱ्या ज्युडीकडे आले कोठून? स्कॉटी हा एकेकाळचा पोलीस अधिकारी आहे. या एका प्रश्नाने त्याला सत्य कळले असते. परंतु त्याला रूप दिसते, रूपामागचा हात दिसत नाही. दृष्टीच्या सत्तेविषयीचा सिद्धान्त येथे पूर्ण करावा लागतो : पाहणाऱ्याची सत्ता जितकी निर्विवाद, तितके पाहिल्या जाणाऱ्या स्त्रीचे श्रम त्याला अदृश्य. ज्युडी ही केवळ दृष्टीची विषय नाही. ती या चित्रपटातील सर्वांत निष्णात कारागीर आहे.

आणि तिच्या बाबतीत हे श्रम एका तऱ्हेच्या कबुलीजबाबासारखे आहेत. केस मोकळे ठेवून ती स्वतःला वाचवत होती; स्कॉटीने ज्युडीवरच प्रेम करावे ही तिची आशा त्या मोकळ्या केसांत होती. गाठ बांधताच ती आशा सोडून देते आणि स्वतःचा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर पुन्हा उभा करते. दार उघडून बाहेर येणारी स्त्री कृत्रिम आहे असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या क्षणी तिच्याइतके खरे त्या खोलीत काहीच नाही, कारण ती स्कॉटीने पूर्वी जिच्यावर प्रेम केले नेमकी तीच आहे.

याला जोडूनच आधीचे एक दृश्य लक्षात घ्यायला हवे. रंगवले जाण्यापूर्वी ज्युडी त्याच खोलीत खिडकीपाशी अंधारात बसलेली आहे. पाठीमागे हिरवा उजेड, चेहरा केवळ एक काळी आकृती. ना भुवया दिसतात, ना ओठ. एर्नीजमध्ये दिसलेली कडेची चेहरेपट्टी येथे सर्व रंग वजा करून उरते. या संपूर्ण चित्रपटात ज्युडी आणि मॅडेलिन एकच आहेत हे जर कोठे विनारंग सांगितले असेल तर ते येथे. स्कॉटी त्या आकृतीकडे पाहतो आणि त्याला मॅडेलिनच आठवते. समोरची ज्युडी त्याला दिसत नाही.

५

अखेरीस रहस्य फुटते ते अलंकारामुळे. कार्लोटाच्या तसबिरीतील गळ्यातले ज्युडी आरशासमोर गळ्यात घालते आणि स्कॉटी ते ओळखतो. भरताची वर्गवारी येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते : अंगरचनेने जे झाकले ते अलंकाराने उघड केले. रंग शरीरात मुरतो, दागिना वस्तू म्हणून वेगळा राहतो. वस्तूचा मालक कोण हे विचारता येते. चेहऱ्याचा मालक कोण हे विचारायला स्कॉटीला कधी सुचलेच नाही.

मनोऱ्यावर तो ज्युडीला खेचत नेतो तेव्हा त्याच्या संतापात मत्सराचा भाग किती आहे हे पाहण्यासारखे आहे. एल्स्टरने तिला आपल्यासारखेच घडवले होते, इतकेच नव्हे तर आपल्याहून सरस घडवले होते. कपडे आणि केसच नव्हेत तर बघणे, बोलणे, वागणेही शिकवले होते, हे त्याला सलते. फसवणुकीइतकेच त्याला दुय्यमत्व झोंबते. त्याने ज्याला प्रेमाची निर्मिती मानले ती दुसऱ्याच्या निर्मितीची प्रत निघाली. त्या निर्मितीचे मूळही कोणी पाहिलेले नाही. खरी मिसेस एल्स्टर प्रेक्षकाच्या ओळखीची होण्यापूर्वीच संपलेली आहे. दोन पुरुषांच्या या स्पर्धेत ज्युडीचे कर्तृत्व पुन्हा एकदा वजा होते. शिकवणारा कोण यावर वाद चालतो. शिकून ते पडद्यावर उभे करणारी कोण, हे विचारले जात नाही.

हा प्रश्न चित्रपटाच्या बाहेरही जातो. मेरिलिन पॉलीन नोव्हॅक या तरुणीचे पहिले नाव कोलंबिया स्टुडिओने बदलले. आडनाव तिने आग्रहाने राखले. तिच्या केसांचा रंग, तिची प्रतिमा ही स्टुडिओची निर्मिती मानली गेली. 'व्हर्टिगो'तील भूमिका मुळात व्हेरा माइल्ससाठी योजलेली होती. तिच्या गरोदरपणामुळे ती नोव्हॅककडे आली. म्हणजे दुसरीसाठी बेतलेले रूप अंगावर चढवणे हा अनुभव ज्युडीचा तसा नोव्हॅकचाही होता. राखाडी सूट आणि काळे बूट तिला पसंत नव्हते. हिचकॉकने आग्रह सोडला नाही. तो अवघडलेपणा मॅडेलिनच्या ताठर, जपून टाकलेल्या पावलांत उतरला आहे. श्रेयनामावलीत रंगभूषेसाठी वॉली वेस्टमोर, केशरचनेसाठी नेली मॅन्ली आणि वेशभूषेसाठी एडिथ हेड यांची नावे येतात. या तिघांचे काम इतके निर्दोष आहे की समीक्षेने त्याला नोव्हॅकचे 'रूप' म्हटले, आणि नोव्हॅकचे काम इतके निर्दोष आहे की अनेकांनी त्याला तिचा 'स्वभाव' म्हटले. स्कॉटीने जी चूक ज्युडीच्या बाबतीत केली, तीच समीक्षेने नोव्हॅकच्या बाबतीत केली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

'साइट अँड साउंड'च्या २०१२ सालच्या कौलात हा चित्रपट सर्वश्रेष्ठ ठरला आणि २०२२ साली दुसऱ्या क्रमांकावर गेला. इतक्या मान्यतेनंतरही त्याच्या रंगभूषेचा विचार प्रशंसेच्या पातळीवर राहावा हे सूचक आहे. रंगभूषा म्हणजे फसवणूक, असा निष्कर्ष 'व्हर्टिगो'तून काढणे हा त्याचा सर्वांत उथळ अन्वयार्थ होईल. फसवणूक रंगात नाही. रंग कोणी चढवला, कोणासाठी चढवला आणि तो चढवणाऱ्या हातांना कोणी मोजले, हे प्रश्न न विचारण्यात ती आहे. चित्रपटाच्या अंतिम क्षणी मनोऱ्याच्या अंधारातून एक जोगीण वर येते. तिचा चेहरा कोणासाठीही सजवलेला नाही. त्या काळ्या आकृतीला घाबरून ज्युडी मागे सरते आणि कोसळते. ती कोसळते तेव्हा तिच्या अंगावर सगळे मॅडेलिनचे आहे. ज्या भुवया आणि जे ओठ तिने रोज सकाळी स्वतःसाठी काढले होते, ते तिला परत मिळत नाहीत.